निळ्या फाइलमधली पानं: वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तयारी कुठून आली

माझ्या मावसबहिणीची स्लीव्ह शस्त्रक्रिया, म्हणजे जठर उभं कापून त्याची अरुंद नळी करण्याची, ठरली, तेव्हा रुग्णालयातून एक निळी फाइल मिळाली होती. पहिल्याच पानावर लिहिलं होतं : पंधरा दिवस पोळी, भात, साखर, तळलेलं बंद. तिचा प्रश्न साहजिक होता, "जठर कापणारच आहेत, तर आधीपासून उपाशी कशाला?" मावशीचं मत असं, की डॉक्टर पोरीची परीक्षा बघतायत.

परीक्षा नव्हती, यकृताचा मामला होता. वजन फार वाढलं की यकृतात चरबी साठते आणि त्याचा डावा भाग जठरावर झाकणासारखा पसरतो. दुर्बिणीने शस्त्रक्रिया करताना हे झाकण उचलून धरावं लागतं. ते जड आणि ठिसूळ असेल तर फाटतं, रक्त येतं, खालचं जठर नीट दिसत नाही. मेलबर्नच्या एका गटाने २००६ मध्ये ३२ जणांना शस्त्रक्रियेआधी १२ आठवडे अगदी कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवून यकृताचं माप घेतलं. ते सरासरी जवळजवळ १९ टक्के आकसलं, आणि त्यातली ८० टक्के घट पहिल्या दोन आठवड्यांतच झाली. फाइलमधल्या पंधरा दिवसांचा हिशेब हा असा आहे.

बाकीच्या पानांचंही फार वेगळं नाही. जवळजवळ प्रत्येक सूचनेच्या मागे आधीच्या कुणाचं तरी काहीतरी बिघडलेलं आहे.

सुरुवात आतड्यापासून झाली. अन्न पचतं-शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्यात. मग आतडंच आखूड केलं तर? १९५४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन, लिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरचे असे प्रयोग प्रसिद्ध केले. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पेन आणि डीविंड यांनी माणसांवरचा अनुभव मांडला. त्यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून वरचा तुकडा थेट मोठ्या आतड्याला जोडला होता. वजन झरझर उतरलं, पण त्याबरोबर न थांबणारे जुलाब आणि रक्तातल्या क्षारांचा पार बोजवारा. वजन उतरल्यावर आतडं पूर्ववत जोडलं, तर उतरलेलं सगळं वजन परत आलं. मग बेत बदलला : लहान आतड्याच्या सुरुवातीचा साधारण ३५ सेंटीमीटर आणि शेवटचा १० सेंटीमीटर भाग एकमेकांना जोडायचा, मधला सगळा बाजूला पडू द्यायचा. साठ-सत्तरच्या दशकांत ही शस्त्रक्रिया अमेरिकेत जोरात चालली.

तिची किंमत काही वर्षांनी कळली. बाजूला पडलेल्या आतड्यात जंतू माजत, सांधे सुजत. शोषली न गेलेली चरबी कॅल्शियमला धरून ठेवी, त्यामुळे अन्नातलं ऑक्झलेट मोकळं सुटून मूत्रपिंडात खडे होत. काहींचं यकृत निकामी झालं. शेवटी ही शस्त्रक्रिया बंदच पडली आणि झालेल्यांपैकी अनेकांचं आतडं पुन्हा पूर्ववत जोडावं लागलं. 'दरवर्षी रक्त तपासा, आयुष्यभर' हे फाइलमधलं सगळ्यात कंटाळवाणं वाक्य मला तरी त्या रुग्णांची आठवण वाटतं. त्यांना असं कुणी वेळेत सांगितलेलं नव्हतं.

दुसरा रस्ता आयोवा विद्यापीठात सापडला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन उतरतं आणि मग काही केल्या वाढत नाही, हे एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं होतं. चिकाशी इटो यांच्यासोबत त्यांनी १९६६ मध्ये जठराचा बायपास सुरू केला आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून त्याला आतडं जोडायचं, अशी ती कल्पना. पित्त वर येऊ नये म्हणून १९७७ मध्ये ग्रिफेन यांनी इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी जोडणी वापरली, आणि १९९४ मध्ये विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी हाच बायपास दुर्बिणीने केल्याचं प्रसिद्ध केलं. मेसन शंभरी गाठून २०२० मध्ये गेले. आपल्या शस्त्रक्रियेच्या लांबच्या परिणामांची नोंद ठेवण्यासाठी ते आयुष्यभर धडपडले, आणि शस्त्रक्रिया शोधून काढण्यापेक्षा मला हे काम मोठं वाटतं.

आज आपल्याकडे सर्रास होणाऱ्या स्लीव्हची गोष्ट तर गंमतशीर आहे. स्लीव्ह ही मुळात स्वतंत्र शस्त्रक्रिया नव्हतीच, ती तयारी होती. न्यूयॉर्कमध्ये मिशेल गॅन्ये जठर आणि आतडं दोन्हींवरची मोठी शस्त्रक्रिया दुर्बिणीने करत, पण अतिप्रचंड वजनाच्या रुग्णांना ती एका बैठकीत झेपत नसे. म्हणून २००० च्या सुमारास त्यांनी तिचे दोन टप्पे केले : आधी फक्त जठर उभं कापून त्याची अरुंद नळी करायची, वजन उतरलं की आतड्याचं काम. पहिल्या टप्प्यानंतरच अनेकांचं वजन इतकं उतरलं की दुसऱ्याची गरज उरली नाही. पायरी म्हणून बांधली होती, तीच ओसरी झाली!

मुंबईने या विषयाची दोन रूपं पाहिली. सप्टेंबर २०११ मध्ये भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष नितीन गडकरी यांनी इथे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि तिच्यासाठीचा 'बॅरिएट्रिक' हा शब्द मराठी घरांतल्या गप्पांत आला. २०१७ मध्ये सुमारे ५०० किलो वजन सांगितलं गेलेली एक इजिप्शियन महिला खास विमानाने मुंबईत आली. तीन आठवड्यांहून जास्त काळ नुसती तयारी चालली, मार्चमध्ये स्लीव्ह झाली, पुढे उपचारांसाठी तिला अबुधाबीला नेलं आणि त्याच सप्टेंबरात तिथे तिचं निधन झालं. बातम्यांत आधीचे-नंतरचे फोटो झळकले. हृदय, मूत्रपिंड आणि वर्षानुवर्षांचं अंथरूण यांचा हिशेब फोटोत मावत नाही.

मग धोका नेमका किती? स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले २०१० आणि न झालेले २०३७ जण होते. पहिल्या ९० दिवसांत शस्त्रक्रियेच्या गटात पाच मृत्यू झाले, दुसऱ्या गटात दोन. सरासरी जवळपास अकरा वर्षांनी मोजलं तर आकडे फिरले होते : शस्त्रक्रियेच्या गटात १०१, दुसऱ्यात १२९. म्हणजे धोका आधी पत्करायचा आणि फायदा मागाहून, हप्त्याहप्त्याने. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात ४७७६ जणांपैकी ०.३ टक्के तीस दिवसांच्या आत दगावले. पण त्यात पोट उघडून केलेल्या बायपासला हे प्रमाण २.१ टक्के होतं आणि दुर्बिणीच्या बायपासला ०.२. गुंतागुंत जास्त कुणात, तर आधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेल्यांत, झोपेत श्वास अडकणाऱ्यांत आणि चालणं-फिरणं कठीण झालेल्यांत. फाइलमधला घोरण्याबद्दलचा प्रश्न, रात्रभराची झोपेची तपासणी आणि 'आत्तापासून रोज चाला' हे पान यांचं नातं या यादीशी आहे. मावशीला घोरण्याचा प्रश्न चहाटळ वाटला होता.

कुणाची शस्त्रक्रिया करावी याची रेषा १९९१ मध्ये अमेरिकेत आखली गेली : बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ४०, किंवा सोबत मोठे आजार असतील तर ३५. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती खाली आणली, आणि आशियाई लोकांसाठी आणखी खाली, २७.५ पासून विचार करता येईल अशी. याचं कारण समजून घ्यायचं तर पुण्याकडे बघावं लागतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपला 'बारीक' माणूस आतून बारीक नसतो. विमा मात्र अजून जुन्याच रेषेवर आहे : आयआरडीएआय या विमा नियामकाच्या प्रमाणित अटींत ४०, किंवा ठरावीक गंभीर आजारांसह ३५. त्यामुळे डॉक्टर हो म्हणाले तरी क्लेम मंजूर होईलच असं नाही. कागदपत्रांची ही तयारी आहाराआधी सुरू करावी.

शस्त्रक्रियेनंतरची पानं वाचताना बहीण सगळ्यात जास्त वैतागली ती त्याच संध्याकाळी उठून चालण्यावर. पूर्वी टाके ओढतील म्हणून माणूस पडून राहायचा आणि पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जायची. कोपनहेगनचे हेन्रिक केहलेट यांनी नव्वदच्या दशकात मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांत लवकर उठवण्याची, लवकर खायला देण्याची पद्धत बसवली. वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी तिची स्वतंत्र मार्गदर्शक सूत्रं २०१६ मध्ये आली. दुसरी गोष्ट नाडीची. शिवणीतून गळती झाली तर जाड पोटात दुखणं उशिरा कळतं, ताप उशिरा येतो, पण नाडी आधी धावते. ती सतत मिनिटाला १२०च्या वर राहिली तर 'गॅस असेल' म्हणून घरी ओवा चघळत बसायचं नाही, थेट सर्जनला फोन.

आणि उलट्या. शरीरातला जीवनसत्त्व ब-१चा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. रोज उलट्या होणाऱ्या रुग्णाला चालताना तोल जायला लागला, एकाची दोन दिसायला लागली, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, तर ती अशक्तपणाची लक्षणं नव्हेत, मेंदूवरचं संकट आहे. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात ब-१ न देता नुसतं साखरेचं सलाइन लावलं तर स्थिती आणखी बिघडते. आपल्याकडे 'अशक्तपणा आलाय, एक सलाइन लावू' हे इतकं सवयीचं आहे, की हे पान घरातल्या प्रत्येकाने वाचावं.

पुढचं हळूहळू येतं. पटकन वजन उतरताना पित्ताचे खडे होतात, तीन-चार महिन्यांनी केस गळतात आणि बहुधा परत येतात. गरोदरपण वर्ष-दीड वर्ष लांबवायचं. बायपासनंतर डोकेदुखीच्या-अंगदुखीच्या साध्या गोळ्याही विचारून, कारण काहींनी जोडणीवर व्रण होतो. दारूचा विषय घरात कुणी काढत नाही, पण बायपासनंतर ती झपाट्याने चढते. २०१२ च्या एका अमेरिकन अभ्यासात दारूच्या अडचणी असलेल्यांचं प्रमाण शस्त्रक्रियेच्या आधी ७.६ टक्के होतं, नंतरच्या दुसऱ्या वर्षी ९.६.

बहिणीची शस्त्रक्रिया नीट पार पडली. पहिले दिवस खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने नारळपाणी, मग डाळीचं वरचं पाणी, पातळ ताक, तिसऱ्या आठवड्यात मुगाचं कढण आणि मिक्सरमधून काढलेला मऊ भात. मावशी दर वेळी म्हणायची, "अगं, अजून दोन घोट घे की." बहिणीने टोपण फाइलवर उपडं ठेवलं आणि घड्याळ बघत बसली. पुढच्या घोटाला दहा मिनिटं होती.