नंबर जुळत नाहीत, म्हणून गाडी बनावट?

जुन्या ब्रिटिश ट्रायल्स मोटरसायकलींबद्दल (खडकाळ, चिखलाच्या वाटांवरच्या कौशल्य-स्पर्धांच्या गाड्या) एक समज फिरतो: इंजिन आणि फ्रेमचा नंबर एकच असेल तरच गाडी अस्सल. काही ब्रँडना हे लागू पडतं, म्हणून ते पटतंही. बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या ३४८ सीसी स्पर्धा-मॉडेलला, बी३२ ला, मात्र नाही. १९५० च्या आसपास तिथे इंजिन आणि फ्रेमच्या क्रमांकमाला वेगळ्या होत्या. उलट नंबर तंतोतंत जुळले, तर भिंग काढा.

डाव्या क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या धातूच्या कवचावर), सिलिंडरच्या बुडाशी बघा: नंबराभोवतीचं ओतकाम घासून गुळगुळीत केलंय का? अंकांची खोली सारखी आहे का? मग दोन्ही नंबर कारखान्याच्या रवानगी-नोंदींशी ताडून पाहा. जोडी तिथे नसेल, तर इंजिन कधीतरी बदललं असावं. स्पर्धेच्या गाडीत ते नेहमीचंच. बी३२ ची खूण मानल्या जाणाऱ्या २१ इंची पुढच्या चाकावर विसंबू नका, ते रस्त्यावरच्या साध्या बी३१ मॉडेललाही बसवता येतं.