सीसीआयईची लॅब: दोन दिवसांच्या परीक्षेपासून राजापूरच्या पडवीपर्यंत

आमच्याकडे राजापूर-लांजा पट्ट्यातली नेटवर्किंग शिकणारी पोरं अधूनमधून घरी येतात आणि हमखास विचारतात, दादा, सीसीएनए झालं, पण ही सीसीआयई एवढी अवघड का ठेवलीय, सरळ पर्याय निवडायचे प्रश्न देऊन का नाही मोकळे होत? (सीसीएनए ही सिस्को या नेटवर्किंग कंपनीची सुरुवातीची परीक्षा, सीसीआयई फार वरच्या पातळीची, आणि तिचा हाताने करून दाखवायचा भाग म्हणजे लॅब.) प्रश्न अगदी बरोबर आहे, फक्त उत्तर आजच्या सिलॅबसमध्ये सापडत नाही. त्यासाठी १९९३ पर्यंत मागे जावं लागतं, आणि माझं म्हणणं असं आहे की तो मागचा भाग कळला की तयारी कशी करायची हे अर्धं तरी आपोआप कळतं.

सिस्को कंपनी १९८४ ची. लेन बोसॅक आणि सँडी लर्नर हे स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत काम करणारं नवरा-बायकोचं जोडपं, त्यांनी ती काढली. नव्वदच्या सुरुवातीला त्यांचे राऊटर, म्हणजे एका नेटवर्कमधली माहिती दुसऱ्याकडे पोचवणारे डबे, सगळीकडे जायला लागले पण ते नीट चालवणारी माणसं फार थोडी होती. तेव्हाचं नेटवर्क आजच्यासारखं नुसतं आयपीवर चालत नव्हतं हे लक्षात घ्या, एकाच डब्यात टीसीपी-आयपी, नॉव्हेलचं आयपीएक्स, ॲपलटॉक, डेकनेट अशा कॉम्प्युटरांनी आपसात बोलायच्या सगळ्या भाषा एकत्र नांदायच्या आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. अशा वेळी ‘मला राऊटर येतो’ असं म्हणणाऱ्याला खरंच येतो का हे कागदावर कळणं शक्यच नव्हतं. म्हणून १९९३ मध्ये सिस्कोने परीक्षा काढली ती थेट हाताने करून दाखवायची.

पहिली लॅब उभी केली स्टुअर्ट बिग्ज या इंजिनिअरने. नंबर द्यायला सुरुवात केली ती १ पासून नाही, १०२४ पासून, म्हणजे दोनाचा दहावा घात, आणि तो १०२४ नंबर कुठल्या माणसाला न देता लॅबलाच दिला. बिग्जला १०२५. आणि कंपनीच्या बाहेरचा पहिला माणूस पास झाला तो टेरी स्लॅटरी, नंबर १०२६. आता हा स्लॅटरी कोण, तर आपण राऊटरवर ज्या कमांड मारतो, प्रश्नचिन्ह दाबलं की पुढचे पर्याय दिसतात, ते जे कमांड लाईनचं काम आहे त्याची नवी आवृत्ती कंत्राटावर लिहून देणारा माणूस! ज्याने कमांड लाईन लिहिली त्यालाही समोर बसून परीक्षा द्यावी लागली. मला हे फार आवडतं, कारण यातून परीक्षेचा स्वभाव कळतो, तुम्ही कोण आहात ते दाराबाहेर ठेवायचं आणि आत बसून नेटवर्क चालवून दाखवायचं.

ती जुनी परीक्षा दोन दिवसांची असायची. पहिल्या दिवशी नेटवर्क उभं करायचं, केबल जोडण्यापासून सगळं, संध्याकाळी प्रॉक्टर, म्हणजे परीक्षक, तपासणार आणि पुरेसे मार्क नसतील तर दुसऱ्या दिवशी यायचंच नाही. जे टिकले त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी काम करायचं, मग जेवणाच्या सुट्टीत तुम्हाला बाहेर काढून प्रॉक्टर तुमच्याच नेटवर्कमध्ये बिघाड घालून ठेवणार. परत आलात की ते शोधायचे. कालपासून स्वतःच्या हाताने बांधलेलं घर, त्यात कोणीतरी कुठला तरी वासा सैल करून ठेवलाय आणि तुम्हाला घड्याळाकडे बघत तो शोधायचाय.

ऑक्टोबर २००१ पासून हे एका दिवसावर आलं. परीक्षार्थी वाढले होते, तारखा मिळत नव्हत्या. पण त्यात बिघाड शोधण्याचा वेगळा भाग गेला आणि माझ्या मते परीक्षेचं तेच मोठं नुकसान झालं, कारण पाठ करून आलेल्याला कॉन्फिगरेशन जमू शकतं, बिघाड नाही जमत. पुढे २००९ च्या ऑक्टोबरला राऊटिंग-स्विचिंग या सीसीआयईच्या शाखेच्या चौथ्या आवृत्तीत दोन तासांचा ट्रबलशूटिंगचा भाग परत आणला, म्हणजे आठ वर्षांनी तो भाग लागतोच हे त्यांनीही मान्य केलं असंच मी समजतो.

आता आपल्याकडचं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी दूरसंचार कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते मुंबईसारख्या मोठ्या शहरांत, आमच्याकडे तेव्हा घरी फोन असणं हीच बातमी. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि त्याच वर्षी सिस्कोने सीसीएनए काढलं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण आमच्या घरात दोन्ही एकाच वाटेने आलं म्हणून मला ते जोडीनेच आठवतं. मामा डोंबिवलीला. चाकरमानी गणपतीला येतात तसा तो दरवर्षी यायचा आणि एका वर्षी त्याच्या बॅगेत मोदकाच्या साच्याशेजारी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेले २५०१ मॉडेलचे दोन सेकंडहँड राऊटर होते. मी सांगितलं होतं म्हणून त्याने आणले, ते काय आहे हे त्याला आजही नीट माहीत नाही, पण राजापूर रोड स्टेशनपासून गावापर्यंत ते मांडीवर घेऊन बसला होता.

ते राऊटर ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. २५०१ ला आजच्यासारखं साधं इथरनेटचं भोक नसतं, पंधरा पिनांचा एयूआय पोर्ट असतो, त्याला वेगळा ट्रान्सीव्हर लावायचा तेव्हा कुठे आपली नेहमीची केबल बसते. मागे साठ पिनांचे दोन सिरीयल पोर्ट. दोन राऊटर समोरासमोर जोडायचे तर केबलच्या एका टोकाला डीटीई आणि दुसऱ्याला डीसीई लिहिलेलं असतं आणि डीसीईच्या बाजूला क्लॉक रेट, म्हणजे माहिती पाठवायचा ठोका, ६४००० दिला नाही तर लाईन वर येतच नाही. मी यात तीन संध्याकाळी घालवल्या. चौथ्या दिवशी केबल उपटून उजेडात धरली तेव्हा टोकावरची बारीक अक्षरं दिसली, की मी क्लॉक रेट चुकीच्या बाजूला देत होतो. हे कुठल्याही पुस्तकात पहिल्या पन्नास पानांत आहे, पण ते मला कळलं ते आमच्या घराच्या पडवीत. पुढच्याच पावसाळ्यात खाऱ्या दमट हवेने एका राऊटरच्या पिनांवर हिरवट थर चढला आणि तो गेला. समुद्रापासून एवढ्या अंतरावर लोखंडाचा गज टिकत नाही तिथे पिना काय टिकणार.

आणि दोन राऊटरमध्ये सीसीआयई होत नाही. त्यावेळच्या लॅबच्या सरावाला फ्रेम रिलेचं (दूरची ऑफिसं जोडायची जुनी पद्धत) स्विच धरून सात-आठ राऊटर आणि तीन-चार स्विच तरी लागायचे, म्हणजे मुंबई-पुणे-बंगळूरच्या क्लासमध्ये तासावर रॅक, म्हणजे हे सगळे डबे लावलेली मांडणी, भाड्याने घ्या नाहीतर ऑनलाईन रॅक घ्या, त्याला नेट हवं, आणि आमच्याकडे त्या काळात भारनियमन. तासाचे पैसे भरलेत आणि अर्ध्यात लाईट गेली की संपलं. म्हणजे ज्याच्या शहरात रॅक त्याला संधी, हा तेव्हाचा हिशेब होता आणि परीक्षा ‘सगळ्यांना खुली’ होती हे फक्त कागदावर. तिला आधीची कुठली सर्टिफिकेट लागत नव्हती हे खरं, आजही लागत नाही, पण रॅक लागत होता ना.

हा हिशेब बदलला तो एका फ्रेंच माणसामुळे, आणि आमच्या पोरांना त्याचं नाव माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. ख्रिस्तोफ फियो. त्याने २००५ च्या ऑगस्टमध्ये डायनामिप्स लिहायला घेतलं, म्हणजे साध्या कॉम्प्युटरवर सिस्कोच्या ७२०० राऊटरचं हार्डवेअर सॉफ्टवेअरमध्ये उभं करायचं आणि त्यावर खरं आयओएस, म्हणजे सिस्कोच्या राऊटरची सिस्टिम, चालवायचं. नंतर ३६००, ३७०० वगैरे मॉडेलं आली. त्याच्यावर माऊसने चित्र काढून टोपोलॉजी, म्हणजे नेटवर्कची मांडणी, जोडता येईल असं जीएनएसथ्री हे सॉफ्टवेअर जेरेमी ग्रॉसमनने आणलं. मी ते पहिल्यांदा चालवलं तेव्हा एक राऊटर सुरू केल्याबरोबर कॉम्प्युटरचा पंखा ओरडायला लागला, कारण राऊटर रिकामा बसलाय हे राऊटरची नक्कल करणाऱ्या एमुलेटरला कळत नाही, तो प्रोसेसर शंभर टक्के खातो. त्याला आयडल-पीसी, म्हणजे राऊटर कधी रिकामा असतो हे ओळखायची व्हॅल्यू, शोधून द्यावी लागते. ती दिली, आणि पंखा हळूहळू शांत झाला. मग दुसरा राऊटर चढवला, तिसरा, पाचवा. पडवीत बसून पाच राऊटर! त्या रात्री मी झोपलो नाही, आई दोनदा उठून बघून गेली.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. २००९ मध्ये जो ट्रबलशूटिंगचा भाग परत आला तो परीक्षेतसुद्धा व्हर्च्युअल राऊटरवर होता, आणि जून २०१४ ला पाचवी आवृत्ती आली तेव्हा राऊटिंग-स्विचिंगची सगळी लॅबच व्हर्च्युअल झाली, फ्रेम रिले सिलॅबसमधून गेलं. म्हणजे लॅपटॉपवर सराव करणं ही गरिबाची सोय राहिली नाही, परीक्षा स्वतःच तिथे आली. तरी मला एका क्लासमध्ये (नाव नको) तोंडावर सांगितलं गेलं की खऱ्या रॅकशिवाय काही होत नाही, आमचं पॅकेज घे, आणि त्या पॅकेजात शेवटी निघालं काय तर जुन्या प्रश्नांच्या फोटोकॉपी. डम्प. त्याच्यावर गेलेले पैसे मी विसरलो असतो पण गेलेले चार महिने नाही विसरत. पोरांनो, डम्प घेऊ नका. पकडले गेलात तर सर्टिफिकेट जातं हे आहेच, पण नाही पकडले गेलात तरी पहिल्या नोकरीत रात्री दोनला लिंक पडते तेव्हा तिथे चार पर्याय नसतात.

२४ फेब्रुवारी २०२० ला सगळी रचना बदलली. राऊटिंग-स्विचिंगचं नाव एंटरप्राईज इन्फ्रास्ट्रक्चर झालं, लॅबच्या आधी द्यायच्या जुन्या लेखी परीक्षेच्या जागी ३५०-४०१ एनकोर ही परीक्षा आली आणि तीच सीसीएनपी या मधल्या पातळीलाही चालते, सर्टिफिकेटची मुदत दोन वर्षांची तीन झाली. लॅब आठ तासांचीच पण तीन तास डिझाईन आणि पाच तास उभारणी-चालवणं-सुधारणं. डिझाईनच्या भागात एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर येता येत नाही. आणि ऑटोमेशन आलं, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आली, यावर जुनी मंडळी नाराज आहेत पण मला ते बरोबर वाटतं, शंभर शाखांवर हाताने कमांड मारत बसणारा माणूस आता कोणालाच नकोय.

फी मात्र रुपयात लाखाच्या वर, आणि प्रवास वेगळा. आपल्याला जवळचं केंद्र बंगळूर. अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर आणि तिथून रात्रीची बस. मी एकदा जाऊन आलोय, लॅब निघाली नाही, पाच तासांच्या भागात वेळ संपला. आदल्या रात्री बसमध्ये झोप झाली नव्हती, पुढच्या वेळी दोन दिवस आधी जाणार आहे.

दुसऱ्या खेपेची तयारी मी १९९३ च्या पद्धतीने करतोय. कुडाळचा एक मित्र आहे, तोही हीच परीक्षा देतोय. रविवारी दुपारी मी माझी लॅब पूर्ण उभी करतो, सगळं चालतंय हे तपासतो, लॉगिन त्याला देतो आणि जेवायला उठतो. तो तिकडून आत येऊन तीन बिघाड घालतो. मी परत आलो की दोन तास. त्याच्या लॅबमध्ये पुढच्या रविवारी मी घालतो.

गेल्या रविवारी ओएसपीएफमधला (राऊटर एकमेकांना रस्ते सांगतात ती पद्धत) एक शेजारी राऊटर एक्सस्टार्टवर, म्हणजे देवाणघेवाण सुरू व्हायच्या टप्प्यावर, अडकून बसला होता. पिंग, म्हणजे तपासणीचं पॅकेट, व्यवस्थित जातोय, एरिया बरोबर, टायमर १० आणि ४० दोन्हीकडे तेच, ऑथेंटिकेशन नाहीच. पंधरा मिनिटं मी एकाच बाजूची कॉन्फिग वाचत बसलो. मग पिंगचा आकार १५०० केला, तुकडे करू नको असं सांगितलं, आणि तो जाईना. मित्राने पलीकडच्या इंटरफेसवर आयपी एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, १४०० करून ठेवला होता. लहान पॅकेट जात होते, पण दोन राऊटर डेटाबेसची देवाणघेवाण सुरू करताना एमटीयू सांगतात आणि तिथे तो जुळत नव्हता. ओळ काढली आणि शेजारी राऊटर ‘फुल’वर, म्हणजे पूर्ण जोडलेल्या अवस्थेत, आला. मित्राला फोन केला तर पलीकडे पावसाचा एवढा आवाज की काही ऐकूच येईना, शेवटी मेसेज टाकला, पहिला सापडला, अजून दोन आहेत, वेळ एक तास बावीस मिनिटं.