पाळक कोणी नेमायचा? नागपूरच्या मंडळ्यांमागचा इतिहास

पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, बदलीचा आदेश आला की नागपूरच्या जुन्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत (स्थानिक चर्चमध्ये) चर्चा पेटते. हा निव्वळ हट्ट नव्हे. त्याची मुळं १८४३च्या स्कॉटलंडमध्ये आहेत. तिथे जमीनदार आपल्या पसंतीचा पाळक मंडळीवर लादू शकत असे. त्याविरुद्ध साडेचारशेहून अधिक पाळकांनी घर आणि पगार सोडून फ्री चर्च स्थापन केलं. याच चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांच्या प्रेसबिटेरियन पद्धतीत बिशप नाही, सगळे पाळक समान दर्जाचे. मंडळीचा कारभार पाळक आणि निवडलेले वडील (मंडळीतले ज्येष्ठ प्रतिनिधी) मिळून पाहतात आणि पाळकाला बोलावणंही मंडळीच देते.

सिव्हिल लाइन्समधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलची परंपरा वेगळी होती. ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं. १९०३ मध्ये आयर चॅटर्टन नागपूरचे पहिले बिशप झाले. इथे पाळकपदाची दीक्षा देणारा बिशपच. त्याने हात ठेवल्याशिवाय कुणी प्रभुभोजनाचा विधी चालवू शकत नसे.

१९२९ पासून उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या चर्चच्या एकीकरणाची बोलणी चालली ती मुख्यतः याच गाठीवर. दक्षिण भारतात १९४७ साली असंच एकीकरण झालं, तेव्हा जुन्या पाळकांना आहे तसंच स्वीकारून फक्त पुढच्या दीक्षा बिशपकडे दिल्या गेल्या. त्यामुळे दोन प्रकारचे पाळक बरीच वर्षं शेजारी-शेजारी राहणार होते आणि इंग्लंडच्या चर्चने त्या नव्या चर्चशी पूर्ण सहभागिता (एकमेकांचे पाळक आणि विधी स्वीकारणं) मान्य केली नाही. उत्तरेने म्हणून सुरुवातीलाच पाळकसेवा एक करायचं ठरवलं.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात, याच कॅथेड्रलच्या आवारात, सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यांच्या प्रतिनिधींनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली. शब्दरचना अत्यंत काळजीपूर्वक केलेली होती: आधीची सेवा अपुरी होती असं कुणाला म्हणावं लागू नये, आणि ज्याला जे हवं ते देवाने द्यावं. ही पुन्हा दीक्षा नव्हती, असं प्रेसबिटेरियन म्हणू शकले. अँग्लिकनांच्या बिशपपरंपरेलाही धक्का लागला नाही. उरलेल्या पाळकांसाठी हीच कृती पुढे आपापल्या धर्मप्रांतांत झाली. त्या योजनेचं खरं कौशल्य मला इथेच दिसतं. बोलणीत असलेलं मेथॉडिस्ट चर्च इन सदर्न एशिया मात्र शेवटच्या टप्प्यात बाहेर राहिलं.

बाप्तिस्म्याचा प्रश्न तितकाच कठीण होता. सहांपैकी बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ क्राइस्ट फक्त विश्वासणाऱ्या प्रौढांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देत; इतर चर्च बाळांनाही देत. दोन्ही पद्धती मान्य झाल्या. ज्या पाळकाच्या विवेकाला बाळाचा बाप्तिस्मा पटत नाही, त्याने दुसऱ्या पाळकाला बोलवायचं. विधी टळत नाही, पाळकावर सक्तीही होत नाही.

नव्या रचनेत बिशप, प्रेसबिटर (पाळक) आणि डीकन (त्याच्या खालचा सेवक) अशी तीन पदं आली. वडिलांच्या सभेची जागा निवडून आलेल्या पाळकीय समितीने घेतली. नेमणुकीचा अंतिम शब्द बिशपकडे गेला आणि बदलीचा वाद इथेच उभा राहतो. समितीशी आधी न बोलता बदलीचं पत्र निघालं, तर फ्री चर्चच्या वारशात वाढलेल्या कुटुंबांना ते लादणंच वाटतं. येणारा पाळक मग पहिले महिने उपदेशापेक्षा माणसं जोडण्यात घालवतो. आधी विचारलं, मंडळीच्या गरजा ऐकल्या, तर तोच निर्णय बहुधा शांतपणे स्वीकारला जातो.