वुडी-स्पायसी: कोकणातल्या ‘मर्दानी’ वासाची पार्श्वभूमी

रत्नागिरी-चिपळूणच्या दुकानांत पुरुषांच्या परफ्यूमची खोकी चाळली, तर ‘वुडी’ आणि ‘स्पायसी’ या शब्दांच्या शेजारी माणसाचंही वर्णन सापडतं: ठाम, प्रगल्भ, मोजकं बोलणारा. वासावरून स्वभाव सांगायची ही रीत बाहेरून आली. इथे ती पक्की रुजली आखातातल्या नोकऱ्यांच्या काळात.

लाकूड आणि मसाला मात्र या किनाऱ्याला जुनेच. सोपारा आणि चौल ही बंदरं इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी वर्णनात येतात, बहामनी काळात दाभोळ भरात होतं. बाराव्या शतकातल्या एका चालुक्य राजाच्या संस्कृत ग्रंथात राजाने अंगाला लावायच्या सुगंधी उट्यांचं सविस्तर वर्णन आहे. तिथे सुगंध ही ऐश्वर्याची खूण आहे.

आजचा प्रकार सुरू झाला प्रयोगशाळेत. १८६८ साली कुमारिन कृत्रिमरीत्या बनवता आलं. त्याला सुकलेल्या गवताचा गोडसर वास असतो. १८८२ साली पॅरिसच्या एका अत्तरघराने ते वापरून नेच्याच्या, म्हणजे फर्नच्या, नावाचा सुगंध काढला. पावसाळ्यात ज्यांच्या गडग्यावर नेचे उगवतात, त्यांना त्या नावाचं हसू येईल, कारण नेच्याला सांगण्याजोगा वासच नसतो. तरी लव्हेंडर, कुमारिन आणि ओकच्या झाडावरचं ‘मॉस’ यांचं ते कुटुंब दाढीच्या साबणात शिरलं आणि पुरुषांचं झालं. हे ओकमॉस म्हणजे मसाल्यातल्या दगडफुलाचं भाऊबंद. त्यातल्या काही घटकांनी त्वचेला ॲलर्जी होते म्हणून युरोपने २०१७ साली ते घटक सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार केले, आणि जुन्या सुगंधांची सूत्रं बदलावी लागली.

हा वास मुळातच मर्दानी की तसा ठरवला गेला, या वादातला खरा मुद्दा १९३८ चा आहे. अमेरिकेतल्या एका कंपनीने १९३७ मध्ये मसालेदार वासाची प्रसाधनं बाजारात आणली, ती बायकांसाठी. त्यामागची प्रेरणा म्हणून संस्थापकाच्या आईने घरात ठेवलेल्या सुक्या पाकळ्या-मसाल्यांच्या बरणीचं नाव घेतलं जातं. पुढच्याच वर्षी तोच मसालेदार कल दाढीच्या साबणात आणि आफ्टरशेव्हमध्ये आला, पुरुषांसाठी. बाटली पांढरी, तिच्यावर शिडाचं व्यापारी जहाज. आपल्याकडे ही बाटली ठाऊक नाही असा पन्नाशीपुढचा माणूस विरळा.

या निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात की तो निव्वळ व्यवहार होता. पुरुष अत्तर लावायला लाजत. दाढीनंतर चरचरणारं काहीतरी लावायला त्यांची हरकत नव्हती. यात तथ्य आहे. पण मग जहाज कशाला? लवंग, दालचिनी, जायफळ हे तेव्हाही स्वयंपाकघरातलेच वास होते. जहाजाने त्यांना चुलीपासून उचललं आणि दूरच्या सफरींवर, धाडसाच्या कथांत नेऊन बसवलं. आईच्या बरणीतला वास एका वर्षात दर्यावर्दी झाला. ‘वुडी-स्पायसी म्हणजे मर्दानी’ हे वासातून निघालेलं अनुमान आहे असं मानणाऱ्यांनी ही दोन वर्षं शेजारी ठेवून पाहावीत. कोकणात तर जायफळ पुरणात पडतं, आणि मसाला भाजण्या-कुटण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्याच वाट्याचं. गलबतातही इथल्या माणसाला धाडस दिसत नसे. त्यातून कौलं आणि मीठ यायचं.

तरीही तो अर्थ इथे चिकटला, आणि चिकटवला तो आखाताने. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, आखाती देशांत बांधकामांचा धडाका सुरू झाला आणि खेड, दापोली, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळा भागांतून माणसं कुवेत, सौदी, दुबईला गेली. सुट्टीवर येताना बॅगेत टेपरेकॉर्डर, ब्लँकेट आणि ‘सेंट’. १९९१ आधी परदेशी माल सहज मिळत नसे, त्यामुळे त्या वासाला तोड नव्हती. मुंबईचा चाकरमानी गणपतीला येताना टाल्कम पावडर आणायचा. दुबईवाला यायच्या आधी त्याचा घमघमाट अंगणात पोचायचा.

त्या वासात ऊद असायचा. ऊद मिळतो अगरूच्या झाडापासून, आणि हे झाड आपल्याच आसामचं. बुरशी लागलेल्या खोडात राळ साठते, तिला हा दर्प असतो. यातल्या मुख्य जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९५ पासून नियंत्रण आहे. आखातात ऊद बायका आणि पुरुष दोघंही लावतात, घरात त्याची धुरीही देतात. कोकणात तो घेऊन येणारा बहुतेक वेळा पुरुष, म्हणून वासही पुरुषाचा ठरला. आणि कसला पुरुष? कमावून आलेला, हात सैल असलेला, घराला स्लॅब टाकू शकणारा. आजच्या खोक्यावरचं ‘प्रगल्भ’ हे त्याच्याच ऐपतीचं गुळगुळीत रूप आहे, असं माझं मत आहे.

याच दशकांत दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जायफळ-दालचिनीच्या जाती दिल्या आणि नारळाच्या बागेत मसाल्याची मिश्रपिकं घ्यायचा प्रचार झाला. रत्नागिरीजवळच्या भाट्याची ‘लाखी बाग’ हा अशाच मिश्र बागेचा नमुना. पण तो माल मुख्यतः मसाल्याच्या वाटेने गेला. बाटलीवर चंदन किंवा देवदार छापलेलं असलं, तरी आतला लाकडी वास पुष्कळदा रसायनशाळेतला असतो.

गेल्या वीसेक वर्षांत डिओ आले आणि खोक्यावरचा माणूस पुन्हा बदलला: वास घेताच पोरी मागे लागतात तो. २०११ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने अशा जाहिरातींवर आक्षेप घेतला. जून २०२२ मध्ये एका बॉडी स्प्रेच्या जाहिराती सामूहिक बलात्काराच्या भीतीवर विनोद करतात म्हणून संताप उसळला, आणि त्या समाजमाध्यमांवरून काढायला लावल्या गेल्या. हल्ली खोक्यावर पुन्हा तो मोजकं बोलणारा, भारदस्त गृहस्थ जास्त दिसतो. त्याच्यावर तक्रार येत नाही, आणि त्याच्या बाटलीला किंमतही जास्त लावता येते.