युनिव्हर्सल जॉइंट लावला की मोटर वाकडी बसली तरी चालते?

रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल बोटींबद्दलची ही समजूत फार जुनी आहे. बोट पळते हे खरं, पण जॉइंट, म्हणजे मोटर आणि प्रॉपेलरचा शाफ्ट (दांडा) जोडणारा वाकता सांधा, कोन सहन करतो, त्याचे परिणाम पुसत नाही.

एकच सांधा 15 अंशांत वाकलेला असेल तर मोटर एकसारखी फिरत असतानाही शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे साडेतीन टक्के वर-खाली होतो. 10,000 आरपीएमला मिनिटाला 20,000 हिसके! त्यातून गुरगुर येते, बॅटरी वाया जाते आणि शाफ्टच्या नळीतले बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या बारीक कड्या) झिजतात; मग तिथूनच पाणी आत शिरतं. दुहेरी सांध्यात हा चढउतार खोडला जातो, पण दोन्ही कोन सारखे आणि मधल्या तुकड्याचे काटे (दोन टोकांचे दुबेळके) एका पातळीत असतील तरच.

म्हणून मोटर शाफ्टच्या सरळ रेषेतच बसवा. त्यासाठी पितळी कांडीला एका टोकाला मोटरच्या शाफ्टचं (बहुधा 3.17 मिमी), दुसऱ्या टोकाला प्रॉपेलर शाफ्टचं (बहुधा 4 मिमी) भोक लेथवर पाडून घ्या. हाताच्या ड्रिलने भोकं एका रेषेत येत नाहीत. या ताठ कांडीने दोन्ही जोडूनच माउंट (मोटरची बैठक) एपॉक्सीने चिकटवा आणि ते पूर्ण वाळल्यावर कांडीच्या जागी कपलिंग (तोच जॉइंट) लावा. माउंटचे स्क्रू आवळताना शाफ्ट बोटांनी फिरवत राहा. जड झाला तर त्या स्क्रूजवळचं पॅकिंग (खाली सरकवलेली पातळ पट्टी) बदला. शाफ्टला अर्धा मिलिमीटर पुढे-मागे खेळ हवाच. प्रॉपेलरचा रेटा नळीच्या टोकावरच्या वॉशरने घ्यायचा, मोटरच्या बेअरिंगने नव्हे.