नव्या समुद्री माशांचे विलगीकरण : ठिपके गेल्यावरही औषध का थांबवू नये

नवीन मासा घरी नेऊन वेगळ्या टाकीत औषध सुरू केल्यानंतर साधारण आठवडाभराने ग्राहक आम्हाला बहुधा एकच प्रश्न विचारतात : ‘ठिपके पूर्ण गेले, मासा खातोही चांगला, आता मुख्य टाकीत सोडू का?’ याचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि त्यामागचे कारण येथे सविस्तर देत आहोत.

मिठाच्या कणांसारखे दिसणारे हे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीची केवळ एक अवस्था होय. माशाच्या त्वचेत ३ ते ७ दिवस पोसला गेल्यावर हा परजीवी आपणहून मासा सोडतो, तळाला किंवा दगडाला चिकटून स्वतःभोवती कवच तयार करतो, आणि ते कवच फुटले की त्यातून असंख्य नवे परजीवी पाण्यात पोहू लागतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात ठिपके गेले, याचे श्रेय औषधाला देता येत नाही. औषध न घालताही ते गेलेच असते. तांब्याचे औषध त्वचेतील किंवा कवचातील परजीवीला मारू शकत नाही, पाण्यात मोकळा पोहणाराच काय तो त्याला सापडतो. बहुतेक कवचे २८ दिवसांच्या आत फुटतात, म्हणून आम्ही ३० दिवसांच्या उपचाराचा आग्रह धरतो.

हे दिवस पहिली मात्रा घातल्यापासून नव्हे, तर तांब्याची पातळी औषधाच्या वेष्टनावर दिलेल्या मर्यादेत आल्यापासून मोजावेत. आयनिक (पाण्यात मोकळे असलेले) आणि चिलेटेड (दुसऱ्या रेणूंना बांधलेले) तांब्याच्या मात्रांत मोठा फरक असतो, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नये. पाणी बदलताना नव्या पाण्यात औषध घालायचे राहिले, फिल्टरमध्ये कार्बन तसाच राहिला किंवा ‘माशाला बरे वाटावे’ म्हणून लाइव्ह रॉक (जिवाणू व सूक्ष्मजीव असलेला समुद्री दगड) ठेवला, तर पातळी खाली येते आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून करावी लागते. लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे माशाला पुरतात. अमोनिया वाढल्यास पाणी बदलावे. अमोनिया बांधून ठेवणारी द्रावणे तांब्यासोबत वापरणे माशाच्या जिवावर बेतू शकते.

मासा निरोगी दिसत असताना औषध कशाला, असेही विचारले जाते. व्हेल्वेट या दुसऱ्या परजीवी रोगाची लागण झालेला मासा अंगावर काही ठळक दिसण्याआधीच दगावू शकतो. केवळ निरीक्षणावर विसंबणे म्हणूनच आम्हाला पटत नाही. त्वचेवरील चपट्या कृमींवर मात्र तांब्याचा उपयोग होत नाही, त्यासाठी प्राझिक्वांटेल हे औषध लागते.

घाई केल्यास नुकसान एका माशापुरते राहत नाही. प्रवाळ असलेल्या मुख्य टाकीत तांबे घालता येत नाही, त्यामुळे तिथे लागण झाली की सर्व मासे बाहेर काढून ती टाकी ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते. ३० दिवस वाचवायला गेलेल्या ग्राहकाला अडीच महिने थांबावे लागते आणि या काळात दगावलेला मासा आम्ही बदलून देऊ शकत नाही.

ज्यांच्याकडे वेगळ्या टाकीची सोय नाही, त्यांच्यासाठी विलगीकरण पूर्ण झालेले मासे आम्ही ठेवतो. ते थोडे महाग असतात आणि मुदतीपूर्वी आम्ही ते देत नाही. स्वतः उपचार करणाऱ्यांनी शंका असल्यास टाकीतील पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत आणावा, आणि औषधाची बाटलीही सोबत आणावी, कारण ते कोणत्या प्रकारचे तांबे आहे हे कळल्याशिवाय चाचणीच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.