नैराश्यरोधके व वेदनाशामके : सहसेवन

नैराश्य, चिंताविकार इत्यादींसाठी रोज घ्यावयाच्या औषधांबरोबर डोकेदुखी, पाठदुखी वा सांधेदुखीवरची गोळी घेतल्यास होणाऱ्या परस्परक्रियांचा विचार या नोंदीत केला आहे. एखाद्या वेळी घेतलेल्या गोळीने बहुतेकांना काही होत नाही. धोका ठरतो तो दोन्ही औषधांच्या गटांवरून, रुग्णाच्या वयावरून आणि गोळ्या किती दिवस चालू राहतात यावरून.

फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एसिटालोप्रॅम ही प्रचलित नैराश्यरोधके पेशींकडून होणाऱ्या सेरोटोनीनच्या पुनर्ग्रहणास, म्हणजे सोडलेले सेरोटोनीन पुन्हा शोषून घेण्यास, अटकाव करतात. सेरोटोनीन मेंदूतील रसायन म्हणून परिचित असले, तरी मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन व अर्व्हिन पेज यांनी १९४८ मध्ये ते वेगळे केले ते रक्तरसातून. शरीरातील बहुतांश सेरोटोनीन आतड्यात तयार होते. रक्तातील बिंबाणू म्हणजे प्लेटलेट ते स्वतः बनवत नाहीत, आयते शोषून साठवतात आणि रक्तवाहिनीला इजा झाली की सोडतात. त्यामुळे गुठळी धरण्यास मदत होते. हे शोषण करणारे वाहक प्रथिन मेंदूत असते तेच बिंबाणूंवरही असते. साहजिकच नैराश्यरोधक सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बिंबाणूंमधील साठा बव्हंशी रिता होतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन व ॲस्पिरीन यांचे कार्य वेगळ्या वाटेने चालते. ती प्रोस्टाग्लँडिन या शरीरातील रसायनांची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. त्यामुळे जठराच्या अस्तराचे संरक्षण घटते आणि बिंबाणूंचे एकत्र येणेही मंदावते. दोन्ही औषधे एकत्र आली, की जठरात जखम होण्याची शक्यता वाढते आणि रक्त थांबण्यास वेळ लागतो.

धोका नेमका किती, याविषयी मतभेद आहेत. स्पेनमधील दे आबाखो व सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील रुग्णनोंदींवरून १९९९ मध्ये काढलेल्या अनुमानानुसार जठर व आद्यांत्र (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) यांतील रक्तस्रावाचा धोका केवळ नैराश्यरोधकाने सुमारे ३ पट, तर वरील वेदनाशामकांसह सुमारे १५ पट होतो. डेन्मार्कमधील २००३ च्या पाहणीत हेच आकडे अनुक्रमे ३·६ व १२·२ पट आले. पुढे २०१४ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले; त्यात ते १·७ व ४·३ पटींच्या आसपास उतरले. हा नंतरचा अंदाज अधिक ग्राह्य वाटतो. शिवाय पटींचे आकडे मूळ प्रमाण सांगत नाहीत : १९९९ च्या अभ्यासातच, केवळ नैराश्यरोधकामुळे होणाऱ्या रक्तस्रावाचे प्रमाण सुमारे ८,००० चिठ्ठ्यांमागे एक असे मांडले होते. वृद्ध, पूर्वी अल्सर झालेले, वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध वा स्टेरॉइड घेणारे आणि नियमित मद्यपान करणारे यांच्या बाबतीत मात्र ते मूळ प्रमाणच मोठे असते. काळी, डांबरासारखी शौच किंवा रक्ताची उलटी ही तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे होत.

पॅरासिटामॉल वरील मार्गाने बिंबाणूंवर वा जठरावर फारसा परिणाम करीत नाही, म्हणून अशा रुग्णांत ते पहिली निवड मानले जाते. निरोगी प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. वजन कमी असल्यास, यकृतविकारात वा मद्यपानाची सवय असल्यास त्याहून कमी. व्यवहारातील अडचण मिश्र गोळ्यांची आहे. कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत ३२५ मिग्रॅ. पॅरासिटामॉलबरोबर ४०० मिग्रॅ. आयब्युप्रोफेन असते. मेडिकलमध्ये ‘अंगदुखीची गोळी द्या’ म्हटल्यावर हातात काय पडते, हे पाकिटावरील घटक वाचल्याशिवाय कळत नाही.

ट्रॅमाडॉल हे वेगळे प्रकरण आहे. ते अफूसदृश वेदनाशामक असून स्वतःही सेरोटोनीनचे पुनर्ग्रहण रोखते. भारतात ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, तरी पॅरासिटामॉलबरोबरच्या जोडगोळीची उरलेली पट्टी घरात पडून असते. नैराश्यरोधकाबरोबर ते घेतल्यास फिटचे झटके व सेरोटोनीन लक्षणसमूह (सेरोटोनीनच्या अतिरेकाने होणारी लक्षणे) संभवतो : घाम, थरथर, अस्वस्थता, जुलाब, पायांचे स्नायू आपोआप उडणे, तीव्र अवस्थेत फार ताप. कोरड्या खोकल्याच्या औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फनपासूनही तो धोका असतो. फ्लुओक्सेटीन व पॅरोक्सेटीन ही नैराश्यरोधके यकृतातील एक विकर (एन्झाइम) अडवीत असल्याने ट्रॅमाडॉलचे प्रभावी रूपांतर घटते, म्हणजे वेदना कमी शमते आणि धोका मात्र वाढतो. फ्लुओक्सेटीन बंद केल्यावरही त्याचा अंश सुमारे पाच आठवडे शरीरात राहतो. मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधक या जुन्या नैराश्यरोधकांबरोबर पेथिडीन हे अफूसदृश वेदनाशामक, ट्रॅमाडॉल व डेक्स्ट्रोमेथॉर्फन वर्ज्य आहेत.

आयब्युप्रोफेनसारख्या दाहशामक गोळ्यांमुळे नैराश्यरोधकांचा गुणच कमी होतो, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका अमेरिकी प्रयोगातून सुचविले गेले. याउलट सेलेकॉक्सिब हे दाहशामक जोडल्याने नैराश्य अधिक उतरते, असे काही मानवी चाचण्यांत आढळले. दुखणे असलेल्या माणसाचे नैराश्य मुळातच हट्टी असते, आणि निरीक्षणात्मक अभ्यासांत हे दोन परिणाम वेगळे काढणे कठीण जाते. तेव्हा पहिले मत सिद्ध मानण्याचे कारण दिसत नाही.

दाहशामक टाळता येण्याजोगे नसल्यास अल्प मात्रा, थोडे दिवस आणि जठराम्लरोधकाची जोड असा प्रघात आहे. त्यांपैकी ओमेप्राझोल व एसोमेप्राझोल यांनी सिटालोप्रॅम व एसिटालोप्रॅमची रक्तातील पातळी वाढते, म्हणून त्यांच्यासोबत पँटोप्राझोल बरे. वेदनाशामक घ्यायचे म्हणून नैराश्यरोधक परस्पर थांबवू नये. विशेषतः पॅरोक्सेटीन व व्हेन्लाफॅक्सीन एकाएकी सोडल्यास चक्कर, मळमळ, चिडचिड उद्‌भवते. नैराश्यरोधकाला पूरक म्हणून लिथियम चालू असेल, तर आयब्युप्रोफेन वा डायक्लोफेनॅकमुळे मूत्रपिंडातून त्याचा निचरा घटून विषबाधेपर्यंत पातळी चढू शकते. डायक्लोफेनॅकच्या मलमातून रक्तात जाणारा अंश अल्प असल्याने एखाद्या सांध्यापुरत्या दुखण्यास ते गोळीपेक्षा सोयीचे पडते.